नदीकाठी झोपलेला माणूस

आमच्या इमारतीत सगळ्यांत वरच्या मजल्यावर एक जोडपं राहायचं. गल्लीत त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. बाईंना म्हणायचे रेडिओ आणि त्यांच्या नवऱ्याला म्हणायचे कव्हर. पूर्वी घरोघरी रेडिओवर कापडी कव्हर घालायची पद्धत होती, तसं. रेडिओ दिवसभर वाजतोय आणि कव्हर आपलं मुकाट्याने त्याच्या अंगावर. ही नावं दोघांनाही ठाऊक होती. काकूंना तर आपलं नाव आवडायचंसुद्धा. जिन्यात कोणी ‘काय रेडिओ, आज काय बातमी?’ म्हटलं की त्या हातातली पिशवी पायरीवर टेकवायच्या आणि सुरू व्हायच्या. काका मागे किल्ली हातात धरून उभे.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. शिवणकाम करते, मशीन घरातच आहे. त्यामुळे त्यांच्या घरातलं मला जितकं कळलं तितकं बाकी कोणाला कळलं नाही. म्हणून सांगते.

काका लहानपणापासून बोलताना अडखळायचे. पहिलंच अक्षर असं अडकून बसायचं की समोरच्याला त्यांच्याकडे बघवायचं नाही. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचं काम त्यांनी उभा जन्म केलं. पुढे मालक आणि गिऱ्हाईक, मध्ये पडदा, पडद्यामागे काका, फिरतं चाक आणि पाण्याची धार. तिथे बोलावं लागत नाही म्हणूनच ती नोकरी त्यांनी धरून ठेवली होती. घरी बोलायला काकू होत्याच. घरमालकाशी भांडायचं असो, मुलीच्या शाळेत जायचं असो, की पावशेर काकडीसाठी घासाघीस करायची असो, सगळं काकूंच्या तोंडाने. एकदा काकांच्या पोटात दुखत होतं, तर दवाखान्यात कुठे दुखतंय, कधी दुखतंय, किती दुखतंय, सगळं काकूच सांगत होत्या. डॉक्टर वैतागून म्हणाले, ‘‘अहो, पोट नक्की कोणाचं दुखतंय?’’

‘‘पोट ह्यांचं,’’ काकू म्हणाल्या, ‘‘तोंड माझं.’’

काकूंची नोकरीसुद्धा बोलण्याचीच होती. शहरातल्या चित्रसंग्रहालयात येणाऱ्या लोकांना त्या चित्रं समजावून सांगायच्या. शाळेच्या सहली, निवृत्त मंडळी, बाहेरगावचे पाहुणे, सगळे त्यांच्या मागे मागे फिरायचे. त्यात त्यांचं एक लाडकं चित्र होतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं, चांगलं भिंतभर रुंद. कोणी काढलं ते कोणालाच माहीत नाही. संथ, मोठी नदी. दिवस कलायला आलाय. काठावर झाडाखाली एक श्रीमंत घराणं मजेत वेळ घालवतंय. गवतावर पांढरी चादर, तिच्यावर फळं, कापलेला पाव, सुरई. एक कुत्रा पाण्यात उतरून अंग झटकतोय. काठाला लागलेल्या होडीत दोघं वाद्यं वाजवतायत, आणि त्यांच्याजवळचा एक तरुण काठावर उभ्या असलेल्या बाईशी काहीतरी बोलतोय. बाई हसतेय. आणि त्या हसणाऱ्या बाईच्या पायाशी एक माणूस गवतात उताणा पडलाय. तोंडावर हॅट ठेवलेली, त्यामुळे चेहरा दिसत नाही.

काका हे चित्र बघायला कधी गेले नव्हते. काकू म्हणायच्या, ‘‘या ना एकदा. माझं काम तरी बघा.’’ काका मान हलवायचे. जायचे मात्र नाहीत. तिथे गेलो की ही सगळ्यांशी ओळख करून देणार आणि सगळे आपल्याला काहीतरी विचारणार, ही त्यांची भीती. मला त्यांनी हे फार पुढे सांगितलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

झालं असं. एका सकाळी काकू त्याच चित्रासमोर उभ्या राहून एका घोळक्याला माहिती देत होत्या. दाराशी बसणारा दरवान रोजच्यासारखा ऐकत होता. काकू म्हणाल्या, ‘‘आता ही होडी बघा. हिच्यात बसलेत दोन चमचे.’’ लोक हसले. काकूही हसल्या. मग म्हणाल्या, ‘‘आणि हा कुत्रा दुपारी उघडतो.’’ लोक आणखी हसले. काकू गमतीशीर बोलतात ही त्यांची ख्यातीच होती. पुढचं वाक्य तर धड शब्दांचंसुद्धा नव्हतं, तरी मागचे दोघं-तिघं हसतच होते. दरवान मला म्हणाला, ‘‘मीपण हसलो हो. आज काहीतरी नवीन काढलंय ताईंनी, असं वाटलं मला.’’ मग काकूंच्या उजव्या हातातली चित्रं दाखवायची काठी खाली पडली. ती उचलायला त्या वाकल्या त्या वर आल्याच नाहीत.

मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत का होईना चालायला लागला, पण बोलणं गेलं. घशाला काही झालं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, बोलण्याचं मेंदूतलं ठिकाणच मेलंय. समोरचा काय म्हणतो ते त्यांना बऱ्यापैकी कळतंय, पण स्वतःचे शब्द सापडत नाहीत.

एकच शब्द उरला. ‘उद्या’. तोच का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. काहींच्या बाबतीत असा एखादाच शब्द शिल्लक राहतो म्हणे, आणि तो कुठला ते ना आपल्या हातात ना त्यांच्या. चहा हवाय का? ‘उद्या.’ पाय दुखतोय का? ‘उद्या, उद्या.’ हो म्हणायचं असलं तरी उद्या, नाही म्हणायचं असलं तरी उद्या, आणि ओल्या चादरीवर पडून राहावं लागलं की रडत रडत उद्या. पहिल्या आठवड्यात मुलगी आली होती. लग्न होऊन ती दूरच्या शहरात असते. ती एकदा न राहवून म्हणाली, ‘‘आई, निदान हो नाहीतर नाही तरी म्हण गं!’’ काकूंनी तिच्याकडे बघितलं, ओठांची धडपड केली, आणि पुन्हा तेच निघालं. मुलगी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली.

‘‘दोघंही माझ्याकडे चला,’’ असं तिने काकांना खूप सांगितलं. काका नको म्हणाले. मुलीला घर, नोकरी, मुलगा. ती परत गेली.

मग आमचं असं ठरलं की काका दुकानात गेले की मी माझं हातशिलाईचं काम घेऊन वर बसायचं. काजं, बटणं, फॉल, अस्तर, असं जे मशीनशिवाय होतं ते. सकाळी काका काकूंना आंघोळ घालायचे, वेणी घालायचे. वेणी आधी फार वाईट व्हायची, नंतर जमायला लागली. दूध-पाव भरवायचे आणि जायचे. आता रेशनच्या दुकानात, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे त्यांनाच बोलावं लागत होतं. दवाखान्यात खिडकीशी त्यांचं पहिलं अक्षर अडकलं की मागची रांग चुळबुळ करायची. एकदा खिडकीतली मुलगी म्हणाली, ‘‘आजोबा, घरात दुसरं कोणी बोलणारं नाही का?’’ काका घरी आले, चप्पल काढली आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसले. मी तिथेच होते. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांना काय झालंय ते कळलं असावं, कारण त्या म्हणाल्या, ‘‘उद्या.’’ अगदी हळू, समजूत घातल्यासारखं.

दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. तरुण, शांत. त्यांना आम्ही स्पीचवाल्या बाई म्हणायचो. त्या कप, कंगवा, कुलूप, घोडा अशी चित्रं दाखवायच्या आणि नावं वदवून घ्यायचा प्रयत्न करायच्या. काकू ती चित्रं डाव्या हाताने बाजूला सारायच्या. आयुष्यभर लोकांना चित्रं समजावलेल्या बाईला कोणी कप दाखवून हे काय आहे असं विचारलं तर काय होईल? स्पीचवाल्या बाईंनी ते ओळखलं. त्या काकांना म्हणाल्या, ‘‘त्यांच्या कामातलं एखादं चित्र आणा. त्या जे बोलायच्या ते तुम्ही बोला, आणि वाक्य अर्धं सोडा. पाठ झालेलं कधीकधी आपोआप बाहेर येतं.’’

पण त्या काय बोलायच्या ते काकांना कुठे ठाऊक होतं? घरी येऊन त्या सांगायच्या तेव्हा काका ‘हं’ म्हणायचे.

म्हणून काका पहिल्यांदा संग्रहालयात गेले. रविवारी, मला काकूंजवळ बसवून. दरवानाने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते कोणाचे कोण हे कळल्यावर त्याने त्यांचे दोन्ही हात धरले, आत नेलं आणि त्या चित्रासमोर उभं केलं. काकांनी आपलं काम कसंबसं सांगितलं. दरवान म्हणाला, ‘‘ताईंचं सगळं मला तोंडपाठ आहे. ऐका.’’

आणि त्याने काकूंची हुबेहूब नक्कल केली. त्यांचा आवाज, मध्येच थांबणं, मान तिरकी करणं, सगळं. होडी झाली, वादक झाले, कुत्रा झाला. मग तो गवतात पडलेल्या माणसापाशी आला. ‘‘इथे ताई थांबायच्या. आवाज खाली आणायच्या. म्हणायच्या, ‘मंडळी, हा कोण? हा नवरा. सगळा नदीकाठ जागा आहे. गाणं चाललंय, बायको हसतेय, कुत्र्यालासुद्धा मजा येतेय. हे महाराज झोपलेत. बायको कोणाशी बोलतेय, काय बोलतेय, पत्ता नाही. हाक मारा, उठायचा नाही. आणि ही बिचारी सगळा जन्म याच्या शेजारी उभी.’ मग जरा थांबून म्हणायच्या, ‘काळजी करू नका. माझ्याही घरी असाच एक आहे.’ काय हसायचे लोक! दर वेळी हसायचे. एकदा तर एक म्हातारे गृहस्थ...’’

दरवान साधा माणूस. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. लक्षात आलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. ‘‘गंमत हो काका,’’ तो म्हणाला. ‘‘लोकांना हसवायला.’’

काका चित्राकडे बघत उभे राहिले. तेवढ्यात संग्रहालयाच्या मोठ्या बाई, म्हणजे तिथल्या प्रमुख, तिथून चालल्या होत्या. त्यांनी काकूंची चौकशी केली, आपुलकीने केली. काकांनी त्या पडलेल्या माणसाकडे बोट दाखवून विचारलं, ‘‘हा क... कोण?’’

‘‘आमच्या मते तो आळसाचं रूप आहे,’’ मोठ्या बाई म्हणाल्या. ‘‘त्या काळात अशा मौजेच्या चित्रांत एक ताकीद लपवलेली असायची. ऐन आनंदात माणूस बेसावध कसा होतो, ते दाखवायचं असायचं.’’

‘‘तो द... दमलेला नसेल?’’

मोठ्या बाईंनी प्रश्न उडवून लावला नाही. त्या पुढे झाल्या, वाकून बघितलं. ‘‘असू शकेल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण त्याच्या हाताशी बघा, ही सुरई आडवी पडलीय. दारू सांडलीय. नुसता दमलेला दाखवायचा असता तर चित्रकाराने ही कशाला काढली असती?’’

काकांनी ती आडवी सुरई बघितली. खरंच होती. त्यांनी त्या चित्राची एक छापील प्रत विकत घेतली, सुरळी काखेत मारली आणि घरी आले. मी स्वयंपाकघरात होते तेवढ्यात ती सुरळी त्यांनी कपाटामागे ठेवली. मला म्हणाले, ‘‘न... नाही मिळालं.’’

त्यानंतर बरेच दिवस त्या घरात काहीतरी बिनसलेलं होतं. काका काकूंचं सगळं करायचे, पण आता कंगवा ओढून फिरवायचे. घास भरवताना तिसरीकडेच बघायचे. वेणी पुन्हा वाकडी व्हायला लागली. काकू डाव्या हाताने त्यांची बाही धरायच्या, ते सोडवून घ्यायचे. शेवटी मीच त्यांना जिन्यात गाठलं आणि विचारलं, ‘‘काका, काय झालंय?’’ तेव्हा जिन्यातल्या खिडकीशी उभं राहून, अडखळत, मध्ये मध्ये थांबत त्यांनी हे सगळं सांगितलं. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

‘‘अहो, गंमत असेल हो,’’ मी म्हटलं. ‘‘चारचौघांत नवऱ्याची थट्टा कोण करत नाही?’’

‘‘र... रोज?’’ काका म्हणाले.



काही दिवसांनी स्पीचवाल्या बाईंनी चित्राचं काय झालं म्हणून विचारलं आणि काकांना सुरळी काढावी लागली. दुपारची वेळ होती, दुकानाला सुट्टी होती. मी खिडकीपाशी एका कोटाचं अस्तर टाचत बसले होते. काकांनी ते चित्र पलंगावर काकूंच्या मांडीवर उलगडलं. काकूंनी ते बघितलं मात्र, त्यांचा डावा हात त्यावर असा फिरायला लागला जसा एखाद्या हरवून सापडलेल्या वस्तूवर फिरतो. होडीवर गेला, कुत्र्यावर गेला. त्या हसल्या. दवाखान्यातून आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

काकांनी दरवानाकडून ऐकलेलं म्हणायला सुरुवात केली. होडी सांगितली, वादक सांगितले. काकू मान डोलवत होत्या. मग ते गवतातल्या माणसापाशी आले. तिथे त्यांनी काकूंचं वाक्य म्हटलं नाही. म्हणाले, ‘‘हा द... दमलाय. आठवडाभर काम केलंय याने. डोळे दुखतायत, म... म्हणून हॅट ठेवलीय तोंडावर. झोपला नाहीये. ऐकतोय. स... सगळं ऐकतोय.’’

काकूंचं हसू गेलं. त्यांनी मान जोरात हलवली. ‘‘उद्या,’’ त्या म्हणाल्या.

‘‘ऐकतोय तो.’’

‘‘उद्या! उद्या!’’ काकूंनी चित्रावर हात आपटला. अगदी त्याच माणसावर. कागद फाटला.

आणि काका ओरडले. ‘‘सांग ना मग! झोपलो होतो का मी? तुझ्याशी बोललो नाही, ते काय झोपलो होतो म्हणून? रोज जाऊन परक्या लोकांना सांगत होतीस, मला एकदा सांगायचं होतंस! माझ्या तोंडावर सांगायचं होतंस!’’

एक अक्षर अडखळलं नाही. सगळी इमारत ऐकेल असा आवाज. काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. त्यांचं तोंड उघडलं, ओठ एका बाजूला ओढले गेले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. एक शब्द नव्हे, पुष्कळ सांगायचं होतं, हे माझ्यासारखीलाही दिसत होतं. किती वेळ ती धडपड चालली. आणि शेवटी बाहेर पडलं ते, ‘‘उद्या.’’

मग त्यांनी डाव्या हाताने डोळे झाकून घेतले. काका पलंगाच्या कडेवर बसले. मी कोट तिथेच टाकून खाली निघून आले. त्या दोघांत मी तिथे बसून काय करणार होते?

त्यानंतर काकांनी तो फाटलेला कागद मागून चिकटपट्टी लावून जोडला. कंगवा पुन्हा हळू फिरायला लागला. रोज दुकानातून आले की ते चित्र काढायचे आणि काकूंच्या शब्दांत सांगायचे. त्या माणसापाशी आले की आता काकूंचंच म्हणणं म्हणायचे, ‘‘हा न... नवरा. झोपलाय.’’ पुढचं वाक्य अर्धं सोडायचे. काकू ते कधी पुरं करायच्या नाहीत. कधी हसायच्या, कधी तोंड फिरवायच्या. का हसल्या आणि का तोंड फिरवलं, ते त्या सांगू शकत नव्हत्या. काका विचारायचे नाहीत.

दरवान एकदा भेटायला आला. ‘‘ताईंना एकदा तिकडे आणा,’’ म्हणाला. काकांनी खूप आढेवेढे घेतले, पण काकूंनी दरवानाची बाही सोडलीच नाही. मग एका दुपारी आम्ही त्यांना खुर्चीत बसवून चार मजले खाली आणलं. मी त्यांना त्यांचा निळा पोशाख घातला, कामावर जाताना त्या घालायच्या तो. आता तो खांद्यावरून ओघळत होता.

त्या दालनात एक घोळका आधीच उभा होता. बाहेरगावची माणसं असावीत, एकेक चित्र बघत हळूहळू सरकत होती. दरवानाने काकूंची खुर्ची चित्रासमोर नेली. काकूंनी क्षणभर चित्राकडे बघितलं, मग खुर्चीतच कंबर सरळ केली, मान तिरकी केली, डावा हात उचलला. आणि बोलायला लागल्या.

‘‘उद्या उद्या, उद्या. उद्या?’’

सगळे वळून बघायला लागले. काकू बोलत होत्या. तोच चढउतार, तोच ठेका, होडीपाशी तोच लाडिक सूर, कुत्र्यापाशी तीच मिश्कील घाई. शब्द मात्र एकच. ज्याने त्यांना पूर्वी ऐकलं होतं त्याला त्यातलं वाक्यन् वाक्य कळलं असतं. त्या लोकांनी ऐकलं नव्हतं. एका आईने आपल्या मुलीला हळूच जवळ ओढलं. एक गृहस्थ घसा खाकरून शेजारच्या चित्राकडे गेले. एक तरुण जोडपं खाली बघत उभं राहिलं. निघून जाणंही त्यांना बरं वाटत नसावं.

काकू त्या पडलेल्या माणसापाशी आल्या. आवाज खाली आणला. ‘‘उद्या उद्या,’’ म्हणाल्या, आणि थांबल्या. ती हसण्याची जागा होती. मग मागे वळल्या आणि काकांकडे बोट दाखवलं. ‘‘उद्या.’’

कोणीही हसलं नाही. काकू वाट बघत होत्या. त्यांचं बोट तसंच काकांवर रोखलेलं, आणि चेहऱ्यावरचं हसू हळूहळू कसनुसं व्हायला लागलं.

काका पुढे आले. घाम फुटला होता त्यांना. अनोळखी माणसांसमोर आपणहून बोलायला ते जन्मात कधी उभे राहिले नसतील. म्हणाले, ‘‘ह्या म... म... म्हणतायत, हा न... नवरा आहे. सगळे जागे आहेत. हा झ... झ...’’ तो शब्द सुटेना. मान झटकली, डोळे मिटले, तरी सुटेना. सगळं दालन त्या एका शब्दाची वाट बघत होतं. ‘‘झोपलाय,’’ शेवटी ते म्हणाले. ‘‘आणि ह्यांच्या घ... घरीपण असाच एक आहे. तो मी.’’

त्या तरुण जोडप्यातली मुलगी कसंतरी हसली. भलेपणाने हसली बिचारी, पण ते न हसण्याहून वाईट होतं. बाकीचे पांगले.

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला, तब्येतीची चौकशी केली. मग काकांना बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘‘रागावू नका. पण लोक येत असताना असं... सगळ्यांनाच अवघड होतं. सोमवारी बंद असतं, तेव्हा आणा कधीही.’’ त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. काका ‘हो’ म्हणाले. पण सोमवारी दुकान उघडं असायचं, आणि चार मजले खुर्ची उतरवायला माणसं रोज रोज कुठून आणायची?

त्या दिवसानंतर काकू ‘उद्या’ही म्हणेनाशा झाल्या. स्पीचवाल्या बाई म्हणाल्या, खचल्या असतील, येईल परत. आलं नाही. काका रोज चित्र काढून बसायचे, काकू खिडकीबाहेर बघायच्या. मग काकांनीही ते काढणं बंद केलं. संध्याकाळी दोघं दिवा लावायचा कंटाळा करून तसेच अंधारात बसायचे. मला खालून कळायचं, कारण वर पावलांचा आवाजसुद्धा व्हायचा नाही. रेडिओच्या घरात एवढी शांतता! जिन्यात मुलं धावतानासुद्धा त्या दारापाशी हळू व्हायची.

थंडीत एका दुपारी मी त्यांना पाणी पाजत होते, तेव्हा ओठांच्या कडेने पाणी परत आलं. मी हाक मारली. त्यांची नजर कुठेच नव्हती. मी धावत खाली जाऊन दुकानात फोन केला. काका आले तेव्हा त्यांच्या बोटांना काच घासायची ओली पांढरी भुकटी तशीच लागलेली होती. गाडी येईपर्यंत ते काकूंचा लुळा हात चोळत राहिले. काहीतरी बोलतही होते, तोंड त्यांच्या कानाशी नेऊन. मला ऐकू आलं नाही. काकूंना आलं असेल का, हेही कोणी सांगू शकणार नाही. दवाखान्यात त्या दोन दिवस होत्या. शुद्धीवर आल्याच नाहीत.

मुलगी आली. शेवटचं सगळं तिनेच केलं, भेटायला येणाऱ्यांशी तीच बोलली. दरवान आला आणि दारातच लहान मुलासारखा रडला. मोठ्या बाई फुलं घेऊन आल्या. त्या काकांशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘त्या गेल्यापासून त्या दालनात कोणी थांबतच नाही हो.’’ काकांनी मान हलवली.

उन्हाळ्यात दुकानाच्या मालकाने काचा घासायचं नवं यंत्र आणलं. काका महिनाभर त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसले, मग मालकाने त्यांना यायची गरज नाही असं सांगितलं. मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. दोन बॅगा निघाल्या फक्त. बाकीचं सामान तिने वाटून टाकलं. मला एक मोठी कात्री आणि दोन पातेली दिली.

मध्यंतरी तिचा फोन आला होता. म्हणाली, बाबा ठीक आहेत, जेवतात, फिरून येतात. शेजाऱ्यांना वाटतं त्यांना बोलताच येत नाही. नातवाने एकदा शाळेतल्या मित्राला तसं सांगूनही टाकलं, आणि काका शेजारी बसून ते ऐकत होते. मग तिने विचारलं,

‘‘एक विचारू? तुम्ही वर इतक्या वेळा असायच्या. आई-बाबांचं आपसात बरं होतं ना?’’

‘‘बाबा काय म्हणतात?’’ मी विचारलं.

‘‘ते काहीच म्हणत नाहीत.’’

मी तिला सांगितलं की तिचे बाबा तिच्या आईची वेणी छान घालायचे. ती म्हणाली, हो का, मला माहीतच नव्हतं. आणखी काहीतरी विचारणार होती ती, पण तिच्याकडे कोणीतरी दार वाजवलं आणि तिने फोन ठेवला.